यादीत नसलेली फाइल

सोमवार, ३ जून

आजपासून मी नोकरदार. इंटरनेट रेडिओचं ऑफिस म्हणजे दुकानांवरचा एक मजला: मालकांची केबिन, श्रोत्यांचे फोन घेणाऱ्या काकूंचं टेबल, सर्व्हरची गारठलेली खोली आणि शेजारी काचेची ध्वनिमुद्रणाची खोली. तिच्या भिंतींना जाड स्पंज आहे, आत कितीही बोंबललं तरी बाहेर चकार शब्द येत नाही. लग्नाचं काय, असं काकूंनी पहिल्याच चहाला विचारलं. आधी सर्व्हरशी सूत जुळू दे, म्हटलं. मालक गोड बोलतात. दुपारी गाणी मध्येच थांबतात, तेवढं बघ म्हणाले. मावशीने घरी दिवसभर हाच रेडिओ लावून ठेवला होता. भाची कुठे चुकते का ते ऐकायला!

मंगळवार, ४ जून

दोष सापडला. गाण्यांची यादी म्हणजे साधा मजकूर, एका ओळीत एका फाइलचा पत्ता. डिस्क बदलली, पण काही पत्ते जुनेच राहिले होते. फाइल मिळाली नाही की सर्व्हर हटून बसायचा. पत्ते सुधारले, शिवाय एखादी फाइल नसलीच तर मुकाट्याने पुढच्या गाण्यावर जायला त्याला शिकवलं. दुपार सुरळीत गेली. मालकांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी तरंगतच घरी आले.

गुरुवार, ६ जून

आज दोन गाण्यांच्या मध्ये एका बाईचा आवाज आला. स्वच्छ, कमावलेला आवाज. दार उघडा, एवढंच म्हणाला. यादीत अशी फाइल नाही. सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे तेव्हा आधीचंच गाणं चालू होतं. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. आधीची निवेदिका, म्हणाल्या. गेल्या वर्षी त्या काचेच्या खोलीतच दम्याने गेली. त्या दिवशी आपण रजेवर होतो, असं त्यांनी मी न विचारता दोनदा सांगितलं.

शुक्रवार, ७ जून

जुनी डिस्क जोडून शोधलं. तिचं शेवटचं रेकॉर्डिंग सापडलं. हेडफोन लावून ऐकलं, सगळं. ती जाहिराती वाचतेय, दम लागतोय. दम्याचा पंप बाहेर पर्समध्ये आहे, दार उघडा, म्हणतेय. मग खोलीतल्या स्पीकरवर बाहेरून मालकांचा आवाज: नोकरी सोडायची तर सोड, पण आधी सगळं वाचून संपव, तोवर कडी निघणार नाही, नाटकं पुरे. मग काचेवर थापा. मग कुणालाच सोडणार नाही, असं ती म्हणते. मग फक्त श्वास.

हेडफोन काढले तर मालक मागे उभे. ते ओरडले नाहीत. मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन रखडलंय ना, माझे ओळखीचे डॉक्टर आहेत, म्हणाले. पुसून टाक, म्हणाले.

पुसलं. दुसरी प्रत होती, तीही.

शनिवार, ८ जून

आवाज आता प्रत्येक गाण्यानंतर. मी यादी रिकामी केली, तरी. संध्याकाळी मावशी म्हणाली, अगं, तुझ्या रेडिओवर कुणीतरी तुला हाक मारत होतं. घरातल्या नावाने. ते नाव फक्त मावशीच वापरते.

सोमवार, १० जून

मालक संतापले होते. कुणीतरी आत बसून चावटपणा करतंय, म्हणत स्वतःच काचेच्या खोलीत शिरले. दार त्यांच्या मागे लागलं. बाहेरची कडी सरकली. कुणी सरकवली, मी पाहिलं नाही.

काचेतून त्यांचं तोंड दिसत होतं, उघडं. बाहेर आम्हाला चकार शब्द नाही. आणि रेडिओवर मात्र सगळं ऐकू जात होतं, थापा, विनवण्या, सगळं. माझ्या गळ्यातल्या हेडफोनमधून ती अगदी हळू म्हणाली, उघडू नकोस. त्याचं वाचून संपू दे.

माझा हात कडीवर होता. कडी अडकली होती असं लिहावंसं वाटतं. अडकली नव्हती. त्यांचा हात काचेवरून घसरत खाली जाईपर्यंत मी तशीच उभी होते.

बुधवार, १२ जून

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पोलिसांना मी रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं. दाखवा, म्हणाले. काय दाखवू?

काकू येत नाहीत. मीच सर्व्हरची वायर उपसली. घरी आले तर मावशीचा रेडिओ चालूच—

ती म्हणते, त्याचं झालं. आता तू. माझं शेवटचं बोलणं तू पुसलंस. पण तू ते ऐकलंयस. पाठ आहे तुला. म्हणून दाखव.

गुरुवार, १३ जून

काचेच्या खोलीत आहे. कशी आले—

माइकचा दिवा लाल. एका हाताने लिहितेय, तोंड माझं ऐकत नाही. जाहिराती म्हणून झाल्या. पंप बाहेर आहे, म्हणून झालं. मला दमा नाही. कधीच नव्हता—

खोकला. हा मी खोकत नाहीये—

दार उघडा. म्हटलं. थापा. मारल्या. कुणालाच सोडणार नाही, तेही—

आता फक्त श्वास उरलेत. मी ते शेवटपर्यंत ऐकले होते. एकेक लहान होत गेलेला, मग

आत. बाहेर. आत. बा—

आत—