बॅग आली नाय

२ फेब्रुवारी, सोमवार

बंगलोरहून लेकीकडून, किशोरीकडून निघाले, दीड तासात विमान उतरलं. मग पाऊण तास दारच उघडलं नाय. शिडी यायची हाय म्हणे. एवढं धूड उडवतात आणि एक शिडी मिळत नाय यांना.

पुढं बॅग नाय. सगळ्यांच्या आल्या, पट्टा नुसता फिरतोय. काउंटरवरच्या पोरीनं फॉर्म काढला. "मॅम, बॅगेत महत्त्वाचं काय होतं?" वही, म्हटलं. "नुसती वही?" नुसती म्हणे. चाळीस वर्षांचे धवले हायत त्यात. रविवारी माझ्या नातीचं, प्राचीचं लगीन. धवलारीण म्हणून मांडवात मीच बसणार. धवला म्हणजे काय, तर लग्नातली गाणी, हळदीपासून, असं समजावलं तिला. तिनं लिहिलं — स्टेशनरी.

३ फेब्रुवारी

चाळीस मिनिटं फोन कानाला. नुसता बाजा वाजतो. मधेच म्हणतात तुमचा फोन आमाला फार मोलाचा. मग उचला की.

४ फेब्रुवारी

बॅग चेन्नईला फिरून आली. घरी पाठवतो म्हणाले. तिथं निराळंच झेंगट.

फॉर्मवर मी आधारकार्डावरचा पत्ता दिलेला. जुन्या गावाचा. कार्ड बदलायचं ऱ्हायलंय, कोण रांगेत मरणार. गाव उठलं, आमी इकडं वसाहतीत आलो, आणि गावावर विमानतळ झालं.

फोनवर कोण ती रिया. आवाजाला साखर लावलेली. "मॅम, तुमचा पत्ता एअरपोर्टच्या आत दिसतोय."

बरोबर हाय, म्हटलं. तुमची विमानं उभी ऱ्हातात ना, ती माझ्या घराची ओटी.

"मग मॅम, इथं बॅग पोचली असं दाखवतंय."

म्हणजे बॅग घरी पोचली, मीच पोचले नाय. प्राची हसून लोळली. मला चीड आली. नवा पत्ता तिनंच मोबाईलवरून धाडला. आता म्हणे बहात्तर तास.

५ फेब्रुवारी

प्राची म्हणते, "आजे, तुला तर सगळं तोंडपाठ हाय. मला थोपटताना म्हणायचीस. एक ओळ म्हण बघू."

वहीशिवाय नाय, म्हटलं. आणि मला हळकुंडं निवडायचीत.

सून म्हणाली, "आई, डीजेवाल्याकडं धवल्याचं रेकॉर्डिंग हाय, तेच लावू." रेकॉर्डिंगात प्राचीचं नाव येतं काय? तिच्या आजोबाचं येतं? जल्लं मेलं ते मशीन. जेवले नाय.

६ फेब्रुवारी

परत तीच रिया. "तुमची अडचण मी समजू शकते मॅम." काय समजतेस गं तू.

७ फेब्रुवारी, शनिवार

हळद. सगळी मांडवात. टेम्पोवाला मागल्या दारी बॅग टाकून, सही घेऊन गेला. वही हाय. पानसुद्धा दुमडलं नाय.

कडी लावून बसले, चष्मा घातला. अक्षर माझंच. शब्दन् शब्द वाचता येतोय. चाल येत नाय. पहिला धवला घेतला, दुसरा घेतला, शेवटचा घेतला. एकाचीबी नाय.

प्राची दार वाजवायला लागली. "आजे, आली काय गं बॅग?"

कॉटखाली सारली. नाय आली, म्हटलं. मेले कंपनीवाले.