मी स्वतः केल्याप्रमाणे

४ फेब्रुवारी
आले एकदाची! जन्मभर इस्पितळात परिचारिका म्हणून राबले आणि भाड्याच्या खोलीत राहिले. मामा गेले ते हे घर मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला ठेवून. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातली गत. खाली बैठक, वर दोन खोल्या, करकरणारा जिना. उजेडाची खोली धाकटीला देणार, नाहीतर ती वर्षभर टोमणे मारेल. नोकरी संपली की पुढच्या महिन्यात ती येईल. मग दोघी म्हाताऱ्या मनसोक्त भांडू.

७ फेब्रुवारी
मामांची कामं बघणारे गृहस्थ आले होते. अख्खी गल्ली त्यांना मुखत्यारकाका म्हणते. ऐंशीच्या घरातले, पायांवर सूज, श्वासाला घरघर. छातीत पाणी झालंय, हे मी दारातच ओळखलं. घर अजून मामांच्या नावावर आहे आणि ते आमच्या नावावर करायला कचेरीत खेटे घालावे लागतील, असं म्हणाले. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, आणि माझे गुडघे म्हणजे आनंदच. मुखत्यारपत्र दिलंत तर तुमच्या वतीने मीच सगळं करीन, म्हणाले. देवमाणूस.

१० फेब्रुवारी
पत्र झालं. फक्त या घरापुरतं लिहू की सगळ्याच कामांसाठी, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, सगळंच लिहा, पुन्हा पुन्हा सह्या कोण करत बसणार. शेवटी एक वाक्य होतं, मुखत्याराने केलेलं प्रत्येक कृत्य मी स्वतः केल्याप्रमाणे मला मान्य व बंधनकारक राहील. कागदाची भाषा ती, असायचीच. मी सही ठोकली आणि चहा टाकला.

१४ फेब्रुवारी
गंमतच आहे. दिवसभर घरात बसून पोटऱ्या भरून आल्यात. संध्याकाळी काका सांगत होते, आज कचेरीचे जिने चारदा चढलो-उतरलो. दुपारी चूल न पेटवताही माझं पोट तुडुंब होतं. त्यांना कोणीतरी जेवायला बोलावलं होतं म्हणे. मी हसून म्हटलं, तुम्ही जेवा, ढेकर मी देते. ते हसले नाहीत.

१७ फेब्रुवारी
आता हसू येत नाही. पावलं सुजली आहेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. श्वासाला घरघर. काका आज जिना दोन-दोन पायऱ्या टाकत वर आले. छाती स्वच्छ, रंग उजळलेला.
कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सहज विचारलं. तो म्हणाला, काकांचं असंच आहे, मरणाच्या दारातून परत येतात. मामींनी पत्र करून दिलं तेव्हा असेच ठणठणीत झाले, मग मामांच्या वेळी. मामी आणि मामा कशाने गेले, असं विचारलं. छातीत पाणी झालं होतं, म्हणाला. दोघांच्याही.

१९ फेब्रुवारी
पत्र रद्द करायला गेले. तिसरा मजला कसा गाठला ते माझं मला ठाऊक. कारकुनानं माझा अर्ज बाजूला सारला. म्हणाला, बाई, पत्र कायम ठेवावं असं तुम्हीच सकाळी लिहून दिलंय. मी दिलं नाही, त्या माणसानं दिलं असेल, असं म्हटलं. तर म्हणाला, एकच झालं की. मग हे संपणार तरी कधी, असं विचारलं. देणारा मेला की पत्र आपोआप संपतं, एवढं बोलून त्यानं पुढच्याला हाक मारली.
बाकावर बसून रडले. कोणी पाहिलंही नाही.

२१ फेब्रुवारी
धाकटीचा फोन. खुशीत होती. म्हणे, ताई, काल किती गोड बोललीस, लवकर ये म्हणालीस, म्हणून रजा टाकून उद्याच निघते. काल मी कोणाशी बोललेच नाही. तिला सांगायला गेले, येऊ नकोस, पण तोंड उघडेना. तो समोर खुर्चीत गप्प बसला होता. तो गप्प, म्हणून मीही —
माझं पत्र माझ्याबरोबर संपेल. मग त्याचं दुखणं त्याचं त्याला परत. म्हणून त्याला दुसरी हवी. मामी, मामा, मी —

२३ फेब्रुवारी
ती आली. मला पाहून रडली. डोकं मांडीवर घेतलं, केस विंचरले. मी फक्त पाहत राहिले. काका किती करतात गं तुझं, म्हणाली.

२३, दुपार
खाली बोलताहेत. जिन्यातून सगळं ऐकू येतं. तो बसलाय, म्हणून मला उठता येत नाही. हात तेवढा चालतोय, कारण तोही लिहितोय.
पेला ढकलला. पडला. धाकटी वर येऊ लागली. त्यानं सांगितलं, झोपू द्या त्यांना. ती परत फिरली.
विचारतोय — फक्त घरापुरतं की सगळ्याच —
घरापुरतंही नको, बाळ. पळ. देवा, एकदा तरी ओरडू दे —
ती हसतेय. म्हणतेय, सगळंच लिहा काका, पुन्हा पुन्हा सह्या कोण करत —
तो भराभर लिहितोय. माझा हातही —
शेवटची ओळ लिहितोय. म्हणतोय, हे घ्या पेन, इथं सही क