भेटीची वेळ चार ते सहा

आई, या वेळी खाटेवर मी आहे आणि भेटायला येणारे दुसरे. मीरा रोडच्या ज्या रुग्णालयात मला ठेवलं आहे ते तुझ्या माघारी उभं राहिलं, त्यामुळे ते तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. दाखल होताना त्यांनी नियमांचा एक छापील कागद दिला. भेटीची वेळ चार ते सहा, एका पासावर एक व्यक्ती, खाटेवर बसू नये, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, रुग्णाशी वाद घालू नये. त्या कागदाची मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर हे लिहितो आहे.

असे नियम तू मला छापील कागदाविनाच शिकवले होतेस. आपण भाईंदरच्या चाळीत राहत होतो तेव्हा गावाकडचं कोणी रुग्णालयात पडलं की मंडळाची माणसं आधी तुझ्याकडे निरोप द्यायची. तू मऊ भाताचा डबा भरायचीस, आणि मी कॉलेजातून आलेलो असलो की मला सोबत घ्यायचीस. वाटेत सूचना चालू असायच्या. पायथ्याशी उभं राहायचं नाही, माणसाला आपण दारातून निघालेले पाहुणे वाटतो. उशाशी उभं राहायचं. सलाइनच्या बाटलीकडे बघायचं नाही. दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट सांगायची नाही. पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही आणि परतताना वाटेत कोणाच्या घरी शिरायचं नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. नियमामागचं कारण कळल्याशिवाय तो पाळणं मला जड जायचं. तू कारण देत नव्हतीस. "तुला कारण सांगत बसले तर भेटीची वेळ टळेल," एवढंच म्हणायचीस.

डबा सोडला तर रुग्णालयाच्या भिंतीवरच्या नियमांपैकी एकच तू राजरोस मोडायचीस, वाद न घालण्याचा. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम करणारे आपल्या वाडीतले एक काका होते. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती. त्यांच्या खाटेशी तू काय बोलली होतीस ते मला शब्दशः आठवतं. "डावा हात शाबूत आहे ना? मग दाढी कोणी करायची, मी? बायको दोन गाड्या बदलून येते ती हे तोंड बघायला?" मी शरमेने खिडकीबाहेर बघत होतो. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ते वाकड्या तोंडाने हसले. तीन आठवड्यांनी ते काठी टेकत चाळीत आले, दाढी केलेली होती.

आणि मग आपल्या शेजारच्या खोलीतली ती वहिनी. कावीळ झालेली, तिशीही न गाठलेली. डॉक्टर त्या दिवशी माझ्यासमोर म्हणाले होते की सुधारणा आहे. तिने तुला विचारलं, "काकी, यंदा गणपतीला आपण सगळी गावाला जाऊया ना?" एरवी तू तिला दहा अडचणी सांगितल्या असत्यास, तिच्या मुलाची शाळा, तिच्या नवऱ्याची रजा, गाडीतली गर्दी. तू तिचे केस विंचरत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "जाऊया." ती म्हणाली, वाटेत माझ्या माहेरीही उतरू. तू म्हणालीस, "उतरूया की." परतताना रिक्षात तू डबा मांडीवर घेऊन बसलीस. मग मला म्हणालीस, "तिच्या सासूला सांग, उद्या नातवाला शाळेत पाठवू नका." मी चिडलो. डॉक्टरांचं म्हणणं मी तुला पुन्हा ऐकवलं, ते एम. डी. आहेत हेही सांगितलं. तू पदराने डब्याचं झाकण पुसत राहिलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता रुग्णालयातून निरोप आला.

मी त्याला योगायोग म्हटलं. पुढच्या वेळीही म्हटलं. तिसऱ्या वेळी मात्र तू रुग्णाशी बोलत असताना माझं लक्ष रुग्णाकडे राहिलं नाही. तू त्याला रागावतेस की नाही, एवढंच मी ऐकत राहिलो. तू त्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावत होतीस. त्या दिवशी घरी तू ओट्याशी उभी राहून कोकमाचं सार ढवळत होतीस तेव्हा मी तुला सरळ विचारलं की तुला हे कळतं कसं. तू माझ्यावर डाफरलीस. "मला काय कळतंय? मी काय देवऋषी आहे?" मग स्टोव्ह बारीक करून म्हणालीस, "माणसाला बोलायचं ते उद्या सुधारावा म्हणून. ज्याला उद्याच दिसत नाही, त्याला बोलून कशाला दमवायचं?" त्यानंतर मी तुझ्याबरोबर जायचं टाळू लागलो. परीक्षेचं कारण सांगितलं. पुढे माझं लग्न झालं आणि माझ्या जागी तुझी सून येऊ लागली. पंधरा वर्षं ती तुझ्यासोबत रुग्णालयांच्या पायऱ्या चढली. तुझ्याकडून ती माशाचं कालवण शिकली तसंच हेही शिकली असावी. ते तिला मुद्दाम शिकवावं लागलं नसावं, बघूनच आलं असावं.

आता इथलं सांगतो. माझ्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवून आठ दिवस झाले. प्रयोगशाळेने पाच दिवस सांगितले होते. शेजारच्या खाटेवर उत्तनजवळच्या चौक गावातले एक म्हातारे मच्छीमार आहेत, पाय मोडलेला. त्यांची बायको एका पासावर स्वतः येते आणि मागोमाग दोन सुना घुसवते. दारावरचा रखवालदार रोज सांगतो, "मावशी, एक पास पे एक ही आदमी," आणि ती रोज त्याला सांगते की या दोघी मिळून एकच माणूस आहेत, कारण दोघींना मिळून अक्कल एकच आहे. सुना हसतात. मग ती म्हाताऱ्याकडे वळते. "पाय खाली सोडू नको सांगितलंय ना? कान हायत का न्हाय? होडीवर चढायचंय का मेल्या, का घरात कोपऱ्यात बसून जाळी विणायचीत?" म्हातारा कुरकुरतो. चार ते सहा हे असंच चालतं. सगळा वॉर्ड हसतो. मीही पहिले काही दिवस हसलो.

पहिले काही दिवस आमच्या खाटेपाशीही तसंच होतं. तुझ्या सुनेचा स्वभाव तू जाणतेसच. उशी अशी का, भात का टाकला, नर्सबाईंना सलाइनचं वेळापत्रक कशाला विचारता, इथे तुमचं गोदाम आहे का माल मोजायला. मंगळवारपर्यंत हे होतं. बुधवारी ती आली तेव्हा तिने साडी बदललेली नव्हती. मी भात टाकला होता. तिने ताटाकडे पाहिलं आणि ते उचलून बाजूला ठेवलं. मी म्हटलं, आज सातवा दिवस, रिपोर्टला इतका उशीर होत नाही, तू खाली जाऊन विचार. ती म्हणाली, "येईल." एवढंच. "घाई करू नका" म्हणून ती माझ्यावर ओरडली नाही.

मी आयुष्यभर कागद आणि वस्तू ताडून पाहण्याची नोकरी केली. एका विसंगतीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. म्हणून आज, गुरुवारी, मी मुद्दाम म्हटलं, उद्या येताना तळलेले बोंबील आण. मला तेलाचं आणि मिठाचंही पथ्य आहे. ती म्हणाली, "आणते." मग मी आमच्या घरातलं पंचवीस वर्षांचं भांडण काढलं. निवृत्तीनंतर रत्नागिरीला गावच्या जागेत दोन खोल्या बांधून राहू, असं मी म्हणत आलो, आणि सिल्व्हर पार्कमधलं आमचं घर सोडून मी कुठेही येणार नाही, तुम्ही एकटे जा आणि विंचू मोजत बसा, असं ती म्हणत आली. या वाक्याशिवाय आमची एकही दिवाळी गेलेली नाही. मी म्हटलं, यंदाच जाऊया का गावाला? ती माझ्या पायांवरची चादर नीट करत होती.

"जाऊया की. तुम्ही म्हणाल तेव्हा."

शेजारी म्हातारीचा आवाज चढला होता. म्हाताऱ्याने पुन्हा पाय खाली सोडला होता. मी छताकडे पाहत पडून राहिलो. तिला डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही. आपल्या होकारातून काय सांगितलं गेलं हे तिला कळलं असेल असं मला वाटत नाही, आणि मला कळलं हे तिला कळू नये अशी माझी इच्छा आहे. ती पंधरा मिनिटांनी उठली. म्हणाली, "रखवालदार ओरडतोय, निघायला हवं." भिंतीवरच्या घड्याळात सहाला वीस मिनिटं कमी होती. रखवालदार दाराशी स्टुलावर बसून मोबाइल बघत होता, त्याने मानही वर केलेली नव्हती. मी तिला घड्याळ दाखवलं नाही. जपून जा, म्हटलं. ती जिन्याकडे वळली, लिफ्टकडे नाही, आणि तिथे ती कशासाठी गेली हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

कारण आई, तुझ्या शेवटच्या दिवशी मीही तेच केलं होतं. तू म्हणालीस, ही नर्स तीच ना रे, चाळीतल्या वहिनीच्या वेळची? ती नर्स पंचविशीतली होती. वहिनीला जाऊन तीस वर्षं झाली होती. मी आयुष्यात तुझी एकही चूक दुरुस्त केल्याशिवाय सोडली नाही, तारीख असो की नातं, आणि तू त्यावर नेहमी चिडायचीस. त्या दिवशी मी म्हटलं, "हो, तीच." तू माझ्याकडे पाहत राहिलीस. तुला जे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आम्ही कोणी सांगितलं नव्हतं, ते त्या एका होकारातून मी तुला सांगून टाकलं. तू घाबरलीस की नाही मला माहीत नाही, कारण मी पाहायला थांबलो नाही. सहाची घंटा झाली, निघतो, असं म्हणून मी उठलो आणि तू "बरं" म्हणालीस.

हा कागद उद्या मी फाडून टाकीन. तुझी सून फाइल चाळते तेव्हा तो तिच्या हाती लागता कामा नये. त्याआधी एक दुरुस्ती करतो. त्या दिवशी घंटा झाली नव्हती. दहा मिनिटं बाकी होती, ती तुझी होती, आणि ती मी जिन्यात भिंतीकडे तोंड करून काढली.