कंसातलं वाचायचं नसतं

५ ऑगस्ट, सोमवार

— आन मीच का बसायचं तिथं? चर्चच्या होस्टेलातल्या पोरींना कॉलेजात नाटक लावलंय. पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्ती माणसानं नाटक कसं वाचावं ते शिकवा. शिकवणार सम्राट सर. मास्तर तरणा, म्हणून वर्गात चर्चच्या मंडळीतली एक बाई पाहिजे. बाई कोण? स्वयंपाकीणबाई! चूल सोडून तिथं तांदूळ निवडायचे.

सर पानापानाला थांबणार — "यात क्षमा कुठं आहे?" आज म्हटलंच, "सर, पुढं असंल. वाचू द्या की पोरींना!"

७ ऑगस्ट

नाटकातल्या आईनं लेकीला घराबाहेर काढलंय. पोरी आईलाच नावं ठेवाय लागल्या. म्हटलं, लेक काय कमी न्हाय!

माझी लेक क्रांती. दोन वर्षं झाली, कसबा बावड्याच्या ऋषभशी, जैनाच्या पोराशी, लग्न करून दारात आली. मी दार लावलं. पण तिच्यासाठी प्रार्थना रोज करते. सगळ्या मंडळीला ठाऊक हाय.

८ ऑगस्ट

भात करपला.

१२ ऑगस्ट, सोमवार

सर तापानं पडले. पाळकसाहेब म्हणतात, "शालूबाई, आजचा दिवस तुम्ही घ्या." मी चौथी पास! पण बायबल रोज बोट ठेवून वाचते, एक शब्द सोडत न्हाय. नाटकबी तसंच वाचलं. आई आतनं बोलते — "लेकी, माझा जीव तुझ्यात आहे." लगेच कंसातलं, तेबी मोठ्यांदा — "कडी काढत नाही."

पोरी हसून हसून लोळल्या. "मावशी, कंसातलं वाचायचं नसतंय!"

"का? छापलंय न्हवं?"

अपूर्वा तेवढी हसली न्हाय. म्हणाली, "आम्ही ते सोडूनच वाचत होतो. ही बाई नुसतीच गोड बोलतीया की! कडी कुठं काढतीया?"

तांदळाचं सूप उचललं आन भाईर आले. तांदूळ निम्मे तसेच.

१३ ऑगस्ट

प्रार्थनेला बसले. प्रभू, माझ्या लेकीला सुखात ठेव — कडी काढत नाही. तिला सांभाळ — कडी काढत नाही. उठले. भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

१४ ऑगस्ट, बुधवार

क्रांतीला मेसेज धाडला — "रविवारी उपासना झाली की जेवाय ये. ऋषभरावांना घेऊन ये. कांदा, लसूण, बटाटा कशातच घालत न्हाय. कडी काढलेली असंल. येतीस का न्हाय, शनिवारपर्यंत सांग. मला डाळ भिजवायची हाय."