पाणी न मागता घेतलेलं घर

अक्का,

आज दुपारी मी घर घेतलं. जळगावातच, पुढे दोन खोल्या, मागे दोन, मधे अंगण. पुढच्या भाड्याने दिलेल्या आहेत त्या तशाच ठेवायच्या आणि शाळेची नोकरी संपली की मागच्यांत आपण राहायचं, असा बेत आहे. तू असतीस तर उंबऱ्यापासूनच तुझे प्रश्न सुरू झाले असते, म्हणून आधीच सांगते. पावसाचं पाणी रस्त्याकडे उतरतं, शेजाऱ्याच्या भिंतीकडे नाही. हद्द कुठून कुठे ते चारही शेजाऱ्यांच्या दारात जाऊन विचारलं. विहीर भर मे महिन्यात बघितली. घर कुणाकडून कुणाकडे आलं ते जुने कागद लावून स्वतः वाचलं. पुढच्या भाडेकरूला मालक कसा आहे असं विचारलं नाही, छप्पर कधी शाकारलं एवढंच विचारलं; त्यात मालकही कळतो, हे तुझंच. तू शिकवलेलं सगळं केलं, एक सोडून.

ते एक म्हणजे पाणी. खानावळीच्या पोळ्या लाटून तू कापसाच्या जिनिंगजवळच्या दोन खोल्या घेतल्यास, तेव्हा मी तिसरीत होते. घर बघायला निघालो की फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून बरोबर असायचा, पण त्या घराशी पोचलं की तू तो माझ्या हातात द्यायचीस आणि आत जाऊन पाणी मागायचीस. कुणी बाहेर आणून देऊ लागलं तर "बसा, मी घेते" म्हणत थेट स्वयंपाकघरात. पाणी गोड की मचूळ, भिंतीला ओल कुठवर, धूर कुठून जातो, हे तर बघायचीसच. पण मुख्य म्हणजे आतल्या बाईशी दोन शब्द बोलायचीस. पुरुष ओट्यावर बसून घर विकतात आणि ज्यांना ते सोडायचं असतं त्या आत असतात, असं तुझं म्हणणं. आपली आई अशी परक्याच्या स्वयंपाकघरात शिरते याची मला लाज वाटायची. पाण्यासाठी एवढं कशाला, तांब्या आहे की आपल्याकडे, असं मी म्हणायची.

धुळ्याच्या त्या घराच्या वेळी तू एकदाच चुकलीस. स्वातंत्र्याला वर्ष-दीड वर्ष झालं होतं. तुझ्या अंगात ताप होता, घर विकणाऱ्या दोघा भावांपैकी धाकट्याने पाणी ओट्यावरच आणलं आणि तू ते तिथेच प्यायलीस. इसार देऊन टाकलास. तीन खोल्यांच्या त्या घराच्या भाड्यावर माझं ट्रेनिंग कॉलेज ठरलं होतं, पुण्याचा फॉर्मसुद्धा भरून झाला होता. खरेदीच्या दिवशी आपण चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरलो. कचेरी उघडायला वेळ होता. तुला चैन पडेना. तू म्हणालीस, एकदा घरावरून जाऊ. भाऊ कचेरीकडे गेलेले होते. तू आत गेलीस आणि मी तांब्या धरून दारात उभी राहिले.

चुलीपुढे त्यांची बहीण बसली आहे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. नवऱ्याने टाकल्यापासून ती तिथेच राहत होती, आणि घर विकायला काढलं आहे हे तिला तुझ्याकडून कळलं. ती रडली नाही. भाकरी तव्यावर तशीच राहिली, करपल्याचा वास दारापर्यंत आला, आणि ती तुला एवढंच म्हणाली, "मंग मी कोठे जासू, बाई?"

पुढचं मला अजून जसंच्या तसं दिसतं. कचेरीत दस्त लिहून तयार आहे. तू म्हणते आहेस, बहिणीला इथे आणा, ती राजीखुशीने जाते असं तिच्या तोंडून ऐकू द्या, मग अंगठा. थोरला भाऊ चिडून सांगतो की कायद्याने तिचा काही संबंध नाही. लिहिणारा कारकूनही मान हलवतो. आणि मी, अक्का, मी कागद वाचून सांगते की ते खरं बोलतायत, आणि शाईचं पॅड तुझ्यापुढे सरकवते. तू मूठ मिटलीस. त्या सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू शिकेल शे ना, तुले कागदच दिसस." आणि उठलीस. इसार गेला, पुणं गेलं. चाळीसगावच्या फलाटावर तू दशम्या सोडल्यास, मी हात लावला नाही.

महिन्याभरात ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. ती बाई कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. मला जणू हत्यारच मिळालं. काय मिळवलंस तू, असं मी तुला किती वेळा ऐकवलं असेल. शेवटच्या आजारपणातही एकदा ऐकवलं, त्याचं आज फार वाईट वाटतं. तू कूस बदलून म्हणाली होतीस, "त्यासनी लिन्हं व्हई. मी नही लिन्हं." त्यांनी घेतलं असेल, तू नाही घेतलंस, एवढंच. तुला जाऊन दहा वर्षं झाली. तीन वर्षं उशिरा का होईना, मी ट्रेनिंग केलं, नोकरीला लागले, आणि घर घेताना तुझ्यासारखी भाबडेपणाने फसणार नाही, असं सगळ्यांना सांगत राहिले.

आजच्या घराचे कागद धुतल्या तांदळासारखे आहेत. विकणारा एकटा, सही त्याची एकट्याची. मागच्या खोल्यांत कोण राहतं असं मी विचारलं, तेव्हा कुणी नाही म्हणाला. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून बांगड्यांचा आवाज आला, तो आम्ही दोघांनीही ऐकला. आज सही झाल्यावर त्याने एक किल्ली माझ्या हातात ठेवून सांगितलं, उद्या सकाळी ताबा घ्या, आज संध्याकाळपर्यंत मागच्या खोल्या रिकाम्या करतो. कुणी राहत नाही त्या खोल्यांना रिकामं व्हायला संध्याकाळ कशाला लागते, हे मला तिथेच विचारता आलं असतं. आता दिवेलागण झाली आहे. किल्ली समोर आहे आणि ती उचलून जायला माझे पाय निघत नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. मी विसरले नव्हते, अक्का. ते घर मी दोनदा बघायला गेले, आणि दोन्ही वेळा तुझा फिरकीचा तांब्या घरून भरून नेला होता; तहान लागली तेव्हा ओट्यावरच त्यातलं पाणी प्यायले.