पाईपाचा मोजा

तीर्थरूप दादांस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच घातलाय असं समजा.) तुमची साखर आटोक्यात असेल, वहिनीची कंबर जागेवर असेल, असं धरून चालते. इकडे सगळे मजेत. मोठ्या माणसाला पत्रात ‘तुम्ही’ लिहायचं हे बाईंनी चौथीत शिकवलं, आणि पाचवीत मी गेलेच नाही, त्यामुळे माझं ‘तुम्ही’ इथपर्यंतच पुरतं. आता पुढे तू.

पत्र कशाला, फोन करायचा की, असं म्हणशील. केला होता. एका दिवसात तीनदा केला आणि तिन्ही वेळा वहिनी म्हणाली, ते अंघोळीला गेलेत. दादा, इतकी अंघोळ म्हैससुद्धा करत नाही. पण असो. आठ महिने तू बोलला नाहीस म्हणून माझं काही अडलेलं नाही, आणि मला काही मागायचंही नाही, हे आधीच सांगून ठेवते. नुसती खुशाली कळवावी म्हणून लिहायला बसले.

तर आपला रद्दी पुठ्ठ्याचे गठ्ठे दाबायचा प्रेस. (आपला म्हणजे माझा, पण बसवलास तू.) बसवताना तू मला पाच वेळा समजावलंस की पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या पुठ्ठा दाबतो, आणि दाबाचा काटा लाल रेघेवर गेला की तो रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा तेल टाकीत परत सोडतो. पाचही वेळा मी हो म्हणाले आणि पाचही वेळा माझं लक्ष दारातल्या ट्रककडे होतं. मला एवढंच कळलं की दट्ट्या खाली जातो, गठ्ठा चांगला दबायच्या बेताला येतो, आणि नेमकं तेव्हा ते मशीन सूंऽऽ करून अंग टाकतं. मला वाटायचं, दमतं. दमणाऱ्यांचा मला किती राग येतो ते तुला ठाऊक आहे. मी कधी दमते का?

त्यात कागद कारखान्याचा माणूस. आम्ही त्याला टिचकीसाहेब म्हणतो. गठ्ठ्याला बोटाने टिचकी मारून, कान लावून, कलिंगड घेतल्यासारखं तोंड करतो आणि म्हणतो, ‘बाई, पोकळ वाटतोय.’ सलग तीन खेपा त्याने हेच म्हटलं. वर म्हणाला, पुढच्या सोमवारी मी स्वतः येऊन बघणार, तेव्हाही असेच निघाले तर पुठ्ठा दुसरीकडून घेऊ. शेडमध्ये सहा बायका काम करतात दादा, आणि सहाही जणी माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. मी व्हॉल्व्हकडे बघितलं. तो सूं करत होता. झालं, चोर सापडला!

त्यावर तुझं शिशाचं सील होतं हे मला दिसत होतं. तारेला लोंबकळत होतं, सगळ्यांना दिसेल असं. आणि सील लावताना तू काय म्हणाला होतास तेही आठवत होतं, की मी मेलो तरी याला हात लावायचा नाही. पण तू काही मेला नव्हतास, अंघोळ करत होतास. म्हणून मी पक्कड घेऊन सील कापलं, पाना लावून नट सैल केला आणि तो वरचा बोल्ट दोन आटे आत घेतला. मग वाटलं, एवढं केलंच आहे तर अजून एक.

खोटं कशाला बोलू, गठ्ठे दगडासारखे निघाले. सूं गेलं. चार दिवस शेडमध्ये अशी शांतता की मी ह्यांना म्हणाले, बघा, दादाने आयुष्यभर फिटर म्हणून नोकरी केली आणि त्याला जे जमलं नाही ते मी तीन आट्यांत केलं. हे म्हणाले, ‘काटा रेघेच्या पुष्कळ पुढे गेलाय गं.’ मी म्हणाले, ती रेघ वहिनीच्या नखपॉलिशने मारलेली आहे, ती काय सरकारी हद्द आहे? (तुझे मेहुणे गप्प बसले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आता कुठे शिकलेत.)

सोमवारी टिचकीसाहेब आला. पांढरे बूट घालून आला, पुठ्ठ्याच्या शेडमध्ये! मी दांडा धरून उभी. दांडा मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही, हे तुला माहीत आहेच. दट्ट्या खाली गेला, गठ्ठा बसला, मशीन कण्हल्यासारखं झालं आणि फाड्कन आवाज आला. पाईप फुटला. पण फुटला तो त्या मोज्याच्या आत. तू पाईपावर चढवलेला तो जाड विणलेला काळा मोजा असा टम्म फुगला आणि तेल त्याच्या दोन्ही टोकांतून बदाबदा खाली आलं. मी दांडा सोडून बटण बंद केलं तोवर जमीन आरशासारखी झाली होती. टिचकीसाहेबाचे बूट गेले. हे मला धरायला धावले ते पायावर आलेच नाहीत, बसूनच आले आणि घसरत थेट वजनकाट्यावर जाऊन थांबले. अठ्ठ्याऐंशी किलो. मला इतकी वर्षं पंचाहत्तर सांगत होते. सहाही बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या, आणि टिचकीसाहेब त्याच तेलात उभा राहून म्हणाला, ‘हा गठ्ठा मात्र भरीव आहे.’

मग मिस्त्री बोलावला. त्याला मी संथ मिस्त्री म्हणते. एक वाक्य बोलायला लागला की मधे भाजी निवडून होते. त्याने आधी काट्याकडे बघितलं, मग बोल्टकडे, मग माझ्याकडे. मग त्याने आधीचा एक पोकळ गठ्ठा कापायला लावला. आत अख्खी खोकी. न फोडलेली, न चपटी केलेली, तशीच कोंबलेली. ‘ताई,’ म्हणाला, ‘तुम्ही पुठ्ठा नाही, हवा दाबताय. व्हॉल्व्हचा काय दोष?’ ते खरंच आहे. खोकी आधी फोडून सपाट करायची, असं तू सांगितलं होतंस. पण त्यात वेळ फार जातो म्हणून मीच पोरींना म्हणाले होते, टाका तशीच, प्रेस कशाला आहे? हे कडेला कंबर चोळत उभे होते, ते म्हणाले, ‘मिस्त्री, हिच्यातही तसा व्हॉल्व्ह आहे, फक्त तो फार कमी दाबावर उघडतो.’ मिस्त्री हसला. तेवढ्या बाबतीत त्याला अजिबात वेळ लागला नाही.

मग त्याने मोजा काढून पाईप दाखवला. बोटभर चीर, आणि कुठे, तर माझा उजवा हात दांड्यावर असतो त्याच्या बरोब्बर समोर. म्हणाला, एवढ्या दाबाची तेलाची धार सुईसारखी कातड्यात शिरते. बाहेरून मुंगी चावल्याएवढं दिसतं, माणूस पुसून कामाला लागतो, आणि मग हात जातो. ‘हा मोजा कुणी घातला?’ मी म्हणाले, माझ्या भावाने. म्हणाला, ‘भेटले की सांगा, ओळख नाही पण नमस्कार सांगितलाय.’ तर तो नमस्कार यातच कळवते.

बाकी सगळं छान आहे. मिस्त्रीने नवा पाईप टाकला, बोल्ट मागे घेऊन काटा बरोबर वहिनीच्या रेघेवर आणला. खोकी आता फोडून सपाट केली जातात, पोरी त्यावर उभ्या राहून नाचतात, आणि काम पूर्वीपेक्षा लवकर उरकतं. (याचा मला थोडा रागच आला.) टिचकीसाहेबाने महिनाभराची मुदत दिली, बुटांबद्दल चकार शब्द काढला नाही. ह्यांनी भात कमी केलाय. एकंदरीत समाधान आहे. तुला कळावं, म्हणून कळवलं.

तुझी धाकटी

ता. क. काम लवकर उरकतं असं वर लिहिलंय, ते खोकी फोडायचं काम. प्रेस अकरा दिवस बंद आहे. मिस्त्री म्हणतो सगळं ठीक आहे, हे म्हणतात चालू कर, बायका म्हणतात आम्ही चालवतो. मी रोज सकाळी दांड्याला हात लावते आणि काढून घेते. फोडलेल्या खोक्यांचा ढीग पत्र्याला टेकलाय.

ता. क. आणखी एक. मिस्त्री सील लावत नाही. म्हणतो, ज्याने पहिलं लावलं त्याचं ते काम, मी भावाबहिणीत पडत नाही. तेव्हा तुझा सीलचा चिमटा घेऊन गुरुवारी ये. मागच्या वेळी अर्धा चहा टाकून गेलास, तो या वेळी पूर्ण पिऊन जायचा. तू तिथे उभा राहिलास की मी बटण दाबीन. अंघोळ इथेही करता येते.

ता. क. शेवटचं. मोजा आतून फाटलाय आणि मिस्त्रीकडे तसला नाही. येताना नवा आण. मागच्या वेळी मी सहा जणींसमोर म्हणाले होते ना, पाईपाला मोजे घातलेस, आता टोपी-स्वेटरही घाल, आणि तू तसाच उठून गेलास. तर दादा, टोपी-स्वेटर मिळत असेल तर तेही आण. मी घालीन पाईपाला.