बावनथडीचा पूल येईपर्यंत

१२ मे, रविवार
काल सोनल आली बालाघाटून. कॉलेजले सुट्ट्या लागल्या. पोराची पोरगी, पण नाक माह्यं. आल्याबरोबर आधी चार्जर शोधला, मंग आजीले. (सोनल सोनल लिहाचा कंटाळा येते. आता सो.)
सो. मोबाइलवर सिनेमावर बोलते, त्याचे व्हिडिओ टाकते. पाहणारे लोक हायेत म्हणे. मी म्हणलं, घरात तं तुह्यं कोणी ऐकत नाही, तिथं कोण ऐकते वं? नवा विषय घेतला हाय. अंतराळातले, यंत्रमाणसाइचे, दुनिया बुडाचे जे सिनेमे असतात, त्याइचा शेवट गोड पाहिजे का कडू. ती कडूवाली.
"आजी, हॅपी एंडिंग झूठ लगता है. तुम क्या बोलते?"
मले हासू आलं. टाकीजात एवढे सिनेमे पाह्यले, शेवट एकाचाबी पाह्यला नाही. पण सांगतलं नाही तिले. तरसू दे थोडी.

१३ मे, सोमवार
कुरड्या घातल्या. शेजारची कलाबाई आलती. हात कमी, तोंड जास्त.
सो.नं तिलेबी इचारलं. कला म्हणे, "मरनच पाहाचं असन तं बातम्या लाव ना बाई, तिकीट कायले?"
सो. म्हणे, "पर आंटी, दुनिया सच में खत्म हो रही है. गर्मी देखो."
"हौ, गर्मी तं हाय. कुरड्या चांगल्या वाळतीन."
लय हासलो. सो.नं तेबी मोबाइलात घेतलं. कला लगेच पदर सावरून बसली, हीरोइनवानी.

१५ मे
सो. मागंच लागली. शेवटी सांगतलं.
लग्नानंतर हे मले तुमसरले सिनेमाले नेत. दुपारचा खेळ. आपल्या कटंगीची शेवटची गाडी खेळ सुटाच्या आधीच निघे. थांबलं तं रात्र बसस्टँडवर. म्हणून दरखेपी तेच. गोष्ट रंगात आली का हे माह्या चपला पायानं माह्याकडं सरकवत. "चाल विमल, गाडी सुटन." अंधारात लोकाइच्या मांड्यावरून, शिव्या खात, बाहेर.
"मतलब एक भी एंडिंग नहीं देखा?"
"एकबी नाही."
"फिर?"
"मंग काय, तुह्ये आबाजी सांगत. गाडीत. बनवून."
सो.चं तोंड उघडंच. माशी गेली असती. पुढचं आज नाही सांगतलं. भाजी लागून राह्यलती.

१६ मे
पुढचं.
ह्यायची रीत होती. गाडी तुमसरून निघाली का शेवट सुरू. आणि दरखेपी कोणीतरी मरेच. हीरो मरे, कधी हीरोची माय, एकदा तं घोडाबी मारला. मी रुसून खिडकीकडं तोंड करून बसो. खोटं हाय हे माहीत असून. मंग बावनथडीचा पूल येये. पूल ओलांडला का हे खाकरत. "अवं, पुरा मेला नव्हता तो." अन् तिथून घरापर्यंत सगळं नीट. पुलाच्या अल्याड मेला, पल्याड जिता.
सो. म्हणे, "फिर सीधा हॅपी क्यों नहीं बोलते थे?"
चांगलं इचारलं पोट्टीनं. मी म्हणलं, नुसता गूळ खाऊन पाह्य. दुसऱ्या खड्याले कंटाळा येते. आधी पोटात गोळा येऊ द्या लागते.
"और अगर पुल ही नहीं आया तो?"
"जा, कुरड्या पालट" म्हणलं.

१९ मे, रविवार
दुपारी डोळा लागला. सपनात हे आले. डोक्यावर काचेची गोल टोपी, त्यात मिशा दाबून गेलेल्या. अंगणात तरंगून राह्यलते, आंब्याच्या फांदीइतके वर. मी म्हणलं, खाली या, लोक पाहतीन. तं म्हणतात, खाली यायची गाडी किती वाजता हाय?
उठली तं उशी ओली. घाम. घामच होता.
सो.ले सांगतलं. म्हणलं, तुह्या सिनेमात टाक हे. ती हासली नाही. म्हणे, आबाजी ने स्पेसवाला पिक्चर दिखाया था क्या कभी?
दाखवला होता ना. एकच. एक माणूस यानात बसून ताऱ्याकडं जाते. बायको खाली, घरी. यान अंधारात शिरते, रेडिओत नुसती खरखर. बायको अंगणात येते, मान वर करते... अन् माह्या पायाले चपला लागल्या.
गाडीत हे म्हणाले, मेला तो. जळाला. मी लय रडली त्यादिवशी, पोटात होतं तवा, सो.चा बाप. पुलापल्याड म्हणाले, येते तो. दाढी पांढरी होऊन येते. बायको इचारते, जेवले का? तो म्हणते, कायचं जेवतो, तिथं मीठच नाही भेटत.
तोच शेवट माह्या डोक्यात हाय. इतके वर्सं. पांढऱ्या दाढीचा माणूस, अन् भात वाफाळून राह्यला.

२० मे
सो.नं तो सिनेमा हुडकून काढला! बसल्या बसल्या, मोबाइलवर. नाव मले आठवत नव्हतं, चपला अन् खरखर एवढंच सांगतलं होतं, तरी.
"मिल गया आजी! पूरा है. लगाऊँ?"
म्हणलं, आज नको. मठ्ठा कराचा हाय.
मठ्ठा कराचा नव्हता.

२२ मे
आज पाह्यला. सो.नं दार लोटलं, पंखा लावला, मोबाइल डब्याले टेकवला. सिनेमा एवढासा. टाकीजात तो माणूस भिंतीएवढा होता, आता माह्या पंजाएवढा. यान तं भरताच्या वांग्यावानी दिसे, तवा कसं दिसलं नाही? तरी खरखर सुरू झाली अन् अंगावर काटा आला. बायको अंगणात आली. मान वर केली.
मी पाय ओढून घेतले. आपोआप.
"बंद कर."
"आजी, अब तो बस दस-पंद्रह मिनट..."
"बंद कर म्हणलं ना."
केलं. मंग माह्याकडं पाहत राह्यली. तिनं काल एकटीनं पुरा पाह्यला हाय, मले माहीत हाय. तिचं तोंड वाचाचा लय प्रयत्न केला. बापावर गेली हाय, तोंड दगडावानी.
कला संध्याकाळी आली. म्हणे, पाहून टाक एकदाचं, पन्नाशी गाठली त्या सिनेमानं. मी म्हणलं, तू तुह्या नवऱ्याचं घोरणं ऐक जाऊन. ती म्हणे, अवं, तेच तं ऐकू येऊन राह्यलं इथपर्यंत.

२४ मे
सो. आज इचारत होती, आजी डरती क्यों हो, पिक्चर ही तो है. तिले नाही सांगतलं. इथं लिहते.
हे तुमसरले दवाखान्यात होते. तिसरा दिवस. छातीत दुखणं थांबलं होतं. दुपार उतरली तवा मले म्हणाले, "चाल विमल, गाडी सुटन." मी म्हणलं, थांबते आज. तं म्हणाले, "काहून? मी ठीक हावो. सकाळी येताना पोहे आण, कांदा जास्त." पायानं खाटेखालच्या माह्या चपला सरकवल्या. मी हासली. निघाली.
दवाखान्यातून फोन आला तवा मी गाडीत होती. पुलाच्या अल्याड आला का पल्याड, ते काही केल्या आठवत नाही. लय आठवून पाह्यलं. खिडकीतून पाणी दिसत होतं का रेती, तेबी नाही.
त्या सिनेमातला माणूस खरंच परत येत असन तं ठीक. पण येत नसन, तं पांढरी दाढी, मीठ, सगळं ह्यायनं बनवलं. मंग "मी ठीक हावो" हेबी... पोहेबी.
म्हणजे ह्यायले माहीत होतं का?
एवढंच हाय. सिनेमाचं काही नाही.

२५ मे
सो.चा व्हिडिओ अडला. म्हणे, आता कोणत्या बाजूनं बोलू तेच समजत नाही. मी म्हणलं, बरं झालं, लोकाइले थोडी शांती. उशी फेकून मारली मले. आजीले!
उद्या तुमसरले लग्न हाय, कलाच्या भाचीचं. सो. म्हणे, मीबी येते. मराठीत म्हणली. चकित.

२६ मे, रविवार
लग्न झालं. भाजीत तिखट, नवरी सुंदर, नवरदेव ठीकठाक. कला तिथंच राह्यली मुक्कामाले. आमी दोघी शेवटच्या गाडीनं निघालो. शेवटची लिहलं, पण आता ती शेवटची नाही, नंतरबी हाय एक, पण मी तिलेच शेवटची म्हणते. टाकीज होती तिकडं पाह्यलं. आता तिथं काय हाय ते दिसलंच नाही, धूळ.
खिडकी मले दिली सो.नं. ऊन तिरपं. धानाच्या बांध्या कापून रिकाम्या, सोन्यावानी. झोप येऊन राह्यलती. वाटलं, बाजूले बसलेलं कोणी दुसरंच हाय.
मंग सो. माह्याकडं न पाहता, समोर पाहत, मोडक्या मराठीत म्हणाली,
"आजी. मेला तो."
मी तोंड खिडकीकडं केलं. खरंच सांगून राह्यली का रीत पाळून राह्यली, तिच्या आवाजावरून समजेना. पदराचं टोक धरून बसली.
लांब पुलाचे कठडे दिसाले लागले. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. खाली रेती, मधात पाण्याची एक पट्टी, दोन गाई उभ्या. या खेपी नीट पाहून ठेवलं सगळं.
पूल संपला. सो. खाकरली.
पुढं ती काय बोलली ते मी इथं लिहत नाही. कोणी चोरून वाचून राह्यलं असन, तं त्याची गाडी सुटली.
सकाळी पोहे कराचे. कांदा जास्त.